पॉइंट बत्तीसची नळी पॉइंट बावीसवर बसेल का?

कागलहून एका पालकांचा प्रश्न आलाय. त्यांची मुलगी पंचवीस मीटरला .२२ चं पिस्तूल मारते आणि पुतण्या सेंटर फायरला .३२ चं (हे आकडे बोअरचे, म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप). दोन्ही पिस्तुलं एकाच जर्मन कंपनीची, जुनी घेतलेली, शेजारी ठेवली तर जुळी बहीणभावंडंच. मुलीच्या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तुटलाय, मॅगझिन एकच उरलंय आणि बाहेरून सुटे भाग यायला महिने लागणार. "तोवर पुतण्याच्या पिस्तुलाचे भाग हिच्या पिस्तुलाला चालतील का? आणि मेहुण्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. ते म्हणतात, नळी काढून आण, पाहिजे त्या बोअरची करून देतो. हे करावं का?"

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: नको. कारण पुढे येईलच. पहिल्याला मात्र जरा वेळ द्यावा लागेल, कारण "चालतं" म्हणणारेही खोटं बोलत नाहीत आणि "चालत नाही" म्हणणारेही. दोघं वेगवेगळ्या भागांबद्दल बोलत असतात.

मी बंदूकदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात गेली वीसेक वर्षं काम करतोय आणि त्यातला बराच काळ नेमबाजांची पिस्तुलं सांभाळण्यात गेलाय. राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपात पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण, तेव्हापासून आमच्या टेबलावर .२२ घेऊन येणाऱ्या पोरी वाढल्या. तुमचाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून दर दोनचार महिन्यांनी येतो. त्यावर मी एक ठोकताळा सांगतो. जो भाग हाताला लागतो तो बदलायला सहसा हरकत नसते. जो भाग काडतुसाला लागतो तो एकटा कधीच बदलायचा नाही. बदलायचा तर काडतुसाला लागणारं सगळं बिऱ्हाड एकदम हलवायचं, आणि तेही कंपनीनं जोडी म्हणून बनवलं असेल तरच.

हाताला लागणारं म्हणजे लाकडी मूठ, हाताचा टेकू, ट्रिगरचं पातं. एकाच सांगाड्यावर बांधलेल्या दोन पिस्तुलांत हे भाग बहुतेक वेळा अदलाबदल होतात. पुतण्याचा पंजा मोठा असणार, त्यामुळे त्याची मूठ मुलीला सैल होईल, एवढंच. मूठ बदलली तर पिस्तूल मापपेटीत घालून बघा. पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी ती पेटी ३०० × १५० × ५० मिलिमीटरची असते आणि मुठीचा एखादा कान जरी बाहेर राहिला तरी तपासणीच्या टेबलावरून परत पाठवतात.

आता काडतुसाकडे येऊ.

.२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. पेटणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि मसाला पेटतो. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे सेंटर फायर. त्याच्या तळाच्या मधोमध वेगळा प्राइमर बसवलेला असतो आणि पिन तिथेच लागावी लागते. म्हणजे बोल्टातलं, काडतुसाच्या मागे टेकून पुढेमागे सरकणाऱ्या ठोकळ्यातलं, पिनचं भोकच दोन्हीत वेगळ्या जागी असतं. रिमचा व्यास .२२ ला ७ मिलिमीटर, .३२ ला साडेनऊ. रिमची जाडीही सारखी नाही; .२२ ची १.१ मिलिमीटरच्या आसपास, .३२ ची १.४. बोल्टाचा चेहरा म्हणजे या रिमसाठी कोरलेली वाटी. पुतण्याचा बोल्ट मुलीच्या पिस्तुलात सरकला, अगदी गुळगुळीत सरकला, तरी त्या वाटीत .२२ चं काडतूस लहान पोराला बापाची चप्पल घातल्यासारखं डुगडुगेल. पिन मधोमध लागेल, जिथे मसालाच नाही.

तुटलेल्या एक्स्ट्रॅक्टरची गोष्ट हीच. त्याची नखी ७ मिलिमीटरच्या पातळ रिमवर बसेल अशी घासलेली असते. .३२ ची नखी लांबीला, उंचीला, वाकाला वेगळी. कानसीनं घासून बसवलीत तर दहा गोळ्या निघतील आणि अकरावी पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरात, राहील. अकरावी कधी येते ते पंचवीस मीटरवाल्यांना विचारा. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट माऱ्याच्या फेरीत, तीन सेकंद लक्ष्य समोर असताना नेमकी येते.

मॅगझिनबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज असतो, कारण ते "नुसता डबा" वाटतं. खरं तर मॅगझिनचे ओठ हाच पिस्तुलाचा सगळ्यात नाजूक भाग. काडतूस कोणत्या कोनात वर येणार, बोल्टानं ते कुठे पकडायचं, हे ओठ ठरवतात. .२२ ला बाहेर आलेली रिम असते, .३२ लाँगलाही असते आणि दोन्ही मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढेच राहिली पाहिजे. उलटी बसली की दोन काडतुसं एकमेकांत अडकतात. .३२ च्या रुंद डब्यात .२२ भरून "बघू तरी" म्हणणारा पोरगा मी पाहिलाय. पाचही गोळ्या त्याच्या तळहातावर सांडल्या, हे त्याचं नशीब. मुलीसाठी मॅगझिन मागवायचंच असेल तर तेवढं एक आधी मागवा, बाकीचे भाग मागून येऊ देत. एका मॅगझिनवर स्पर्धा मारणं म्हणजे एका चपलेवर जोतिबा चढणं.

आणि स्प्रिंग. इथं मी स्वतः पाय घसरून पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या दोन्ही पिस्तुलांत बोल्टाला कुलूप नसतं. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोरानं पुंगळी मागे ढकलते आणि बोल्टाचं वजन व स्प्रिंग मिळून तो धक्का झेलतात. .२२ ची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. .३२ ची चपटी वॅडकटर गोळी ९८-१०० ग्रेन, म्हणजे सव्वासहा ते साडेसहा ग्रॅम. .२२ वेगानं जाते, .३२ सावकाश, पण वजन गुणिले वेग असा हिशेब केला तर .३२ चा मागचा धक्का जवळजवळ दुप्पट भरतो. म्हणून .३२ चा बोल्ट जड आणि स्प्रिंग ताठ असते.

दुकानात नवा असताना एका नेमबाजाचा जोडसंच माझ्याकडे साफसफाईला आला होता: सांगाडा एक, वरचे संच दोन. मी दोन्ही उघडले, एकाच फडक्यावर तेलात पुसले आणि दोन स्प्रिंगा अदलाबदल करून बसवल्या. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या. .३२ ची ताठ स्प्रिंग .२२ मध्ये गेली. .२२ चा अशक्त धक्का ती स्प्रिंग पूर्ण दाबेना, बोल्ट अर्ध्यातूनच परत फिरे आणि पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकून बसे. पोरानं त्या आठवड्यात जिल्ह्याची स्पर्धा मारली. त्यानं काडतुसांच्या पेटीला दोष दिला, मी मॅगझिनला. दुसऱ्या संचात उलट झालं होतं. मऊ स्प्रिंगवर जड बोल्ट दणादण मागे आपटत होता आणि मागच्या बफरला, म्हणजे तो धक्का झेलणाऱ्या गादीला, चीर पडली होती. ती चीर दिसली तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या दिवसापासून बायकोच्या लाल नेलपॉलिशची बाटली माझ्या टेबलावर असते. .३२ च्या प्रत्येक भागाला आतून एक लाल ठिपका. दादा, तुमच्या घरात दोन जुळी पिस्तुलं आहेत. हा ठिपका आजच लावा.

लोक म्हणतात, .२२ म्हणजे बारकं, त्याला कुठलीही नळी सोसेल. तसं नाही. अमेरिकी मानकानुसार .२२ लाँग रायफलचा कमाल दाब चौरस इंचाला २४,००० पौंड धरलाय आणि .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचा १५,०००. बारक्याच्या अंगात जास्त रग आहे. स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलचं कांस्य जिंकलं ते याच .२२ काडतुसावर.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण विचारलं जाणारच म्हणून .३२ बद्दल आणखी थोडं. बाजारात ".३२" या एका आकड्याखाली दोन वेगळी काडतुसं फिरतात. एक .३२ एसीपी. हे स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचं काडतूस. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं अशनी पिस्तूल याच बोअरचं. दुसरं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि पुतण्याच्या स्पर्धेच्या पिस्तुलाचंही. एसीपीची पुंगळी १७ मिलिमीटरच्या थोडी वर, लाँगची साडेतेवीसच्या आसपास. तळाजवळची जाडी दोन्हींची जवळजवळ सारखीच, म्हणून एसीपीचं काडतूस लाँगच्या चेंबरमध्ये सरळ जाऊन बसतं. बसतं म्हणून मारायचं नसतं. त्याचा दाब २०,५०० पौंडांपर्यंत जातो आणि लाँगसाठी घडवलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं नाही. घरात मामांचं एक .३२ आणि पुतण्याचं दुसरं .३२ असेल, तर काडतुसांच्या पेट्या एका कपाटात ठेवू नका.

आणि .३२ लाँगमध्येही पुन्हा दोन चेहरे. रिव्हॉल्व्हरला लागणारं गोल नाकाचं काडतूस एकूण साडेबत्तीस मिलिमीटर लांब. स्पर्धेच्या पिस्तुलाला लागतं वॅडकटर, ज्यात शिशाची चपटी गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते. त्याची लांबी जवळपास पुंगळीएवढीच. पुतण्याच्या पिस्तुलाचं मॅगझिन त्याच आखूड लांबीचं आहे. खडकीच्या कारखान्याचं गोल नाकाचं काडतूस स्वस्तात मिळालं म्हणून आणलं, तर ते मॅगझिनमध्ये शिरणारच नाही. पोरं विचारतात, गोळीचं नाक कापून बघू का? नका रे बाबांनो. काडतुसाला कानस लावायची नाही, कोणत्याच कारणासाठी.

मग कंपन्या स्वतः बोअर कशी बदलतात? इथं "चालतं" म्हणणाऱ्यांचं खरं ठरतं. वॉल्थरचं जीएसपी १९६८ साली .२२ मध्ये आलं आणि पुढे त्याच सांगाड्यावर .३२ वॅडकटरचा संच आला. नळी, बोल्ट, स्प्रिंग, मॅगझिन असा वरचा पूर्ण मजला उचलून दुसरा ठेवायचा. मूठ आणि खालचा सांगाडा तोच. हॅमरलीच्या २८० आणि एसपी २० ची तीच तऱ्हा. गोम अशी की काडतुसाला लागणारी एकही गोष्ट जुनी राहत नाही. ट्रिगरचा संचही कित्येकदा वेगळा येतो, कारण पूर्वी सेंटर फायरला १३६० ग्रॅमचा ओढ लागायचा आणि .२२ ला १००० चा. आता दोन्हीकडे किमान १००० आहे, पण जुन्या संचांत जुना ट्रिगर असतो. वजन लटकवून मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

काही ठिकाणी नुसती नळी बदलून भागतं, आणि तेही का, ते समजून घेण्यासारखं आहे. गेऑर्ग लुगर यांनी १९०२ साली नऊ मिलिमीटरचं काडतूस नव्यानं आखलं नाही. आपल्या जुन्या ७.६५ च्या बाटलीसारख्या पुंगळीची मान उघडून त्यांनी ती सरळ केली. तळ तोच, रिम तीच, सुमारे १० मिलिमीटरची. म्हणून स्विस सिग पी २१० मध्ये ७.६५ ची नळी काढून ९ ची घालता येते. बोल्टाच्या वाटीला, एक्स्ट्रॅक्टरला, मॅगझिनला फरकच कळत नाही, फक्त स्प्रिंग बघावी लागते. .३५७ सिग आणि .४० ची जोडीही अशीच, एकाच तळाची. हे नुसतं ज्ञान म्हणून सांगतोय. ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, त्याच्या नादाला लागायचं नाही. पण यावरून कळतं की बोअर म्हणजे नळीचं भोक एवढंच धरून चालत नाही. पुंगळीचा तळ जुळतो का, हा खरा प्रश्न. .२२ आणि .३२ चा तळ जुळत नाही, पेटवायची जागाही जुळत नाही. तिथं अर्धवट अदलाबदलीला वावच नाही.

उलट टोकाचं उदाहरण कोल्टचं. १९३० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या .४५ पिस्तुलावर स्वस्तात सराव व्हावा म्हणून कोल्टनं .२२ चा संच काढला. पण .२२ च्या धक्क्यानं .४५ ची जड स्लाइड (वरचा सरकता भाग) हलेना. मग चेंबरच सुटं ठेवलं. गोळी सुटली की वायूचा दाब त्या सुट्या चेंबरला मागे हाणतो आणि त्याचा धक्का स्लाइडला मिळतो. एवढी करामत केली तेव्हा कुठे ते चाललं. बोअर बदलणं किती खोल जातं ते यात दिसतं.

आता मेहुणे. उद्यमनगरच्या हातांबद्दल मला आदर आहे. ऑइल इंजिनचा पिस्टन, क्रँक, काय वाटेल ते तिथं सुतात बसवतात. पण इंजिनाचा लायनर फाटला तर पंप बंद पडतो. नळी फाटली तर ती मुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते. पिस्तुलाच्या नळीचं पोलाद, त्यावरची उष्णताप्रक्रिया, आतले आटे, चेंबरचं माप, हे नुसतं लेथचं काम नाही. आणि समजा मेहुण्यांना ते जमलं, तरी कायदा आडवा येतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "शस्त्र" या शब्दात शस्त्राचे भागही येतात. कलम ५ प्रमाणे बनवणं, दुरुस्त करणं आणि रूपांतर करणं, तिन्हींना परवाना लागतो. बिनपरवाना केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. मेहुण्यांना हे वाक्य वाचून दाखवा, ते स्वतःच नळी परत करतील.

त्याच कायद्यामुळे पुतण्याचे भाग मुलीच्या पिस्तुलात घालणंही तुम्हाला वाटतं तसं घरगुती नाही. पिस्तूल मुलीच्या परवान्यावर एका बोअरचं, एका क्रमांकाचं नोंदलंय. पुतण्याचं त्याच्या परवान्यावर. मूठ इकडची तिकडे गेली तर कोणी विचारणार नाही. नळी किंवा बोल्ट गेला तर क्रमांक जुळत नाहीत आणि निवडणुकीच्या वेळी पोलिस ठाण्यात जमा करताना किंवा नूतनीकरणाला नेताना तो घोळ बाहेर येतो. मुलीला पुढे सेंटर फायरचाही संच हवा असेल, तर तो आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून परवान्यावर चढवून घ्यायचा आणि मगच मागवायचा. खेळाडूंना शस्त्रांच्या संख्येच्या मर्यादेतून सवलत आहे, पण नोंदीतून नाही.

हवेच्या पिस्तुलालाही हे लागू आहे. साध्या ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्यावर ५.५ ची नळी चढवली की ते परवान्याच्या कक्षेत येतं, आणि स्पर्धेला तर चालतच नाही.

आता तुमच्यासाठी करण्यासारखं. एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग आणि मॅगझिन, एवढंच मागवा, पिस्तुलाचा क्रमांक कळवून. जुन्या जीएसपीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या भागांतही बारीक फरक निघतात. भाग येईपर्यंत मुलीचा हात थांबू देऊ नका. एअर पिस्तूल आणि ड्राय फायर, म्हणजे बिनकाडतुसाचा सराव, चालू ठेवा. मात्र रिमफायरवर रिकाम्या चेंबरवर घोडा सोडू नका. पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथं खळगा पडतो आणि मग पुंगळ्या अडकायला लागतात. कंपनीनं दिलेली ड्राय फायरची सोय असेल तर तीच वापरा. पुतण्याच्या पिस्तुलावर "तेवढंच वजन हातात राहील" म्हणून मुलीनं सराव करणं मला पटत नाही. .३२ चा झटका सावकाश आणि खोल येतो; त्याची सवय मनगटाला लागली की .२२ वर मनगट उगाच आवळलं जातं.

भाग आल्यावर पिस्तूल घरी जोडू नका, दुकानात या. एक्स्ट्रॅक्टर बसवल्यावर मी आधी एकच काडतूस भरून पाच वेळा मारतो, मग दोन-दोन, मग पूर्ण पाच. प्रत्येक पुंगळी उचलून तिच्या रिमवरची पिनची खूण आणि नखीचा ओरखडा भिंगातून बघतो. हे झालं की मगच कागद लावून मार कुठे जातोय ते बघायचं. येताना पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलूपबंद पेट्यांत आणा, परवान्याची मूळ प्रत सोबत. पुतण्यालाही त्याचं पिस्तूल आणि त्याचा परवाना घेऊन बरोबर पाठवा. त्याचा बफर मला एकदा बघायचाय.